बॉनेटवरच्या बारा नळ्या

१४ सप्टेंबर १९५९, सोमवार

संपलं एकदाचं! नव्या गाडीच्या बॉनेटला बारा भोकं, बारा रबरी नळ्या, माझ्या मांडीवर काचेच्या नळ्यांची फळी, त्यांत लाल शाईचं पाणी. लढाईतल्या जुन्या धावपट्टीवर ताशी शंभर मैल. वरची हवा बॉनेटला किती ओढते ते पाणी दाखवतं — जितकं चढेल तितकं गाडीचं नाक उचललं जाणार. पाणी जेमतेम हललं. अहवाल लिहिला, सही ठोकली.

"शाबास, मिस हॅलम! गाडी पुढच्या महिन्यात प्रदर्शनाला!" — पार्जेटरसाहेब.

मन मात्र मानत नाही. विमानाच्या कारखान्यात सहा वर्षं काढली मी. असा आकार हवेत ओढला जात नाही? कसं शक्य आहे!

१७ सप्टेंबर

आमचा चाचणी-ड्रायव्हर होरेस टिबिट्स, त्याला तोंडात पाइप असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. धूर जायला त्याच्या बाजूची तिकोनी खिडकी कायम उघडी. आज गारठा एवढा, की त्याने ती लावून घेतली. तोच वेग, तीच धावपट्टी — आणि पाणी दोन बोटं जास्त चढलं!

तेव्हा कळलं. नळ्यांचं दुसरं टोक मी गाडीतच मोकळं सोडलं होतं. म्हणजे बाहेरच्या हवेची तुलना आतल्या हवेशी. आणि खिडकी उघडी असली की आतली हवाही बाहेर ओढली जाते. मग फरक दिसणार कुठून? तीन आठवडे शेजारी बसून त्याचा धूर खाल्ला आणि खिडकी दिसली नाही मला! आकडे सगळे केराच्या टोपलीत. खाली माझी सही.

१८ सप्टेंबर

चहाचा थर्मास रिकामा केला. बुचाला भोक पाडून नळ्यांचं ते मोकळं टोक आत घातलं, मेणाने बंद केलं. थर्मासमधली हवा गाडी उभी असतानाची, आता खिडकी उघडा नाहीतर लावा.

"चहा कुठे ओतलास गं?" होरेस.

"गवतावर."

"साखर किती ते तरी विचारायचंस त्याला!"

खूप दिवसांनी हसले. मग आकडे मांडले. शंभरच्या वेगाला पुढच्या चाकांवरचं दीडशे पौंड ओझं नाहीसं होतंय. त्यात बाजूने वारा आला, तर गाडी स्टीअरिंगच्या चाकाचं ऐकेलच असं नाही.

२१ सप्टेंबर

"गेल्या सोमवारी नाक उचललं जात नाही म्हणालात, या सोमवारी जातं म्हणता," पार्जेटरसाहेब.

"तेव्हा माझी चूक झाली, साहेब."

"मग आज झाली नसेल कशावरून?"

त्यांनी होरेसला बोलावलं. "स्टीअरिंगचं चाक हलकं झालं तर पहिलं कोणाला कळेल? धरणाऱ्याला! बोल होरेस, शंभरला हाताला चाक हलकं लागतं?"

होरेस माझ्याकडे न बघता म्हणाला, "चर्चसारखी पक्की बसलीय रस्त्यावर."

झालं! इथली रीतच ती. कागद काही म्हणोत, शेवटची सही ड्रायव्हरची. तीस वर्षांत त्याचा शब्द कधी खोटा ठरला नाही म्हणतात. माझा तर आठवड्यातच ठरला.

२५ सप्टेंबर

लंडनचा नवा मोटरवे नोव्हेंबरात उघडतोय. वेगाला मर्यादाच नाही! आजवर आमच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर शंभरला जायची कोणाची छाती होती? आता एखादा दाताचा डॉक्टरही जाईल, बायकोला शेजारी बसवून.

पुन्हा साहेबांकडे गेले. "बसा" म्हणालेसुद्धा नाहीत.

२९ सप्टेंबर

नळ्यांची फळी भांडारात जमा करा, असा हुकूम.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटची फेरी. एकशे दहा. होरेसने सही केली. कॅन्टीनमध्ये टाळ्या, पोर्क भरलेली पेस्ट्री, कोणीतरी बिअरही आणली होती. "तोंड पाडू नकोस पोरी," होरेस म्हणाला, "विमानातून आलीस ना, तुला सगळंच उडताना दिसतं!" सगळे हसले. मीही टाळ्या वाजवल्या. लाज वाटते लिहायला.

आता काही उरलं नाही करण्यासारखं. माझ्याच सहीने माझं तोंड बंद केलं.

तोच दिवस, संध्याकाळ

नळ्या काढायला शेडमध्ये गेले. होरेस बॉनेट उघडून उभा होता. मदत करतो म्हणाला. उद्याच्या फुटबॉलच्या सामन्याबद्दल बोलत इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळीवर हात टेकून उभा राहिला — इंजिन नुकतंच बंद केलेलं! बोलतच राहिला. कातडी जळल्याचा वास मला आधी आला. मी किंचाळले. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"दोन वर्षं झाली," म्हणाला. "बोटांना काही कळतच नाही गं. कुणाला बोलू नकोस, एनिड."