एकसष्ट मिलिमीटर

३ जून
हृदयाचा इको झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कप्प्याच्या स्नायूत जुना व्रण आहे, कधीतरी अटॅक येऊन गेलाय. म्हटलं, मला न विचारता कसा येईल? व्रणाचा भाग आकसत नाही, बाकीच्यावर ताण येतो, म्हणून कप्पा ताणून चेंडूसारखा गोल झालाय म्हणे. माप एकसष्ट मिलिमीटर.
तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवतेय. सैल झालेलं आत कसं घ्यायचं ते मला कुणी शिकवू नये. तीन महिन्यांत पंचावन्न.

५ जून, दुपार
गोळ्या सुरू. डाव्या कुशीवर जरा आडवी झाले, तर कुणीतरी जिना चढत येतंय. उठून दार उघडलं. कुणी नाही. आडवी झाले, पुन्हा पावलं. उशीत माझेच ठोके. उशी बदलणे.

११ जून
गोळ्यांनी चक्कर येते, टीप वाकडी जाते. निम्म्या केल्या. शिस्त म्हणजे अतिरेक नव्हे.

२० जून
अटॅक आलाच नव्हता हे सिद्ध करायला जुन्या डायऱ्या काढल्या. एकही दिवस कोरा नाही, लपेल कुठे? नऊ वर्षांपूर्वी, १४ मार्च: ‘लेक बॅगा घेऊन गेली. जिन्यात म्हणाली, आई, एकदा थांब तरी म्हण. म्हटलं नाही. दिवसभर छाती जड, घाम. अ‍ॅसिडिटी. बारा गणवेश पूर्ण.’
अटॅक आलेली बाई बारा गणवेश शिवेल? प्रश्न मिटला.

२१ जून
मिटला तरी डायरी त्याच पानावर उघडते. वर मोठी कात्री ठेवली.

१५ जुलै
दुकानात दुसऱ्या शिलाई मशीनवर बसणारी बाई म्हणाली, ताई, पाय सुजलेत, चपलेचा पट्टा रुततोय. म्हटलं, चप्पल आटली. गोळ्या पूर्ण बंद. शरीराला सवय लागता कामा नये.

४ सप्टेंबर
माप चौसष्ट. म्हटलं, तुमचं यंत्र तपासून घ्या. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावायला हव्या होत्या. पुढच्या वेळी घरचं माणूस घेऊन या, एवढंच म्हणाल्या.
संध्याकाळी लेकीला फोन लावला. तिनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. मग फोन का केलास, म्हणाली.
फोन कानाला धरून उभी राहिले. तिनंही ठेवला नाही.