छत्तीस नावं आणि एक चिंचोका

१ फेब्रुवारी
सप्ताहाला नऊ दिवस उरले. यंदा वीणेच्या पहाऱ्याची यादी माझा प्रोग्रॅम करणार, असं बैठकीत सांगून टाकलं. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, दोन-दोन तासांनी माणूस बदलायचा. छत्तीस माणसं, रोज बारा. वीस वर्षं ही यादी वहीत लिहिणारे मुंजाजीअप्पा म्हणाले, करा की क्लार्कसायब, मशीन वीणा धरतंय का तेबी बघा. माझं नाव मुद्दाम शेवटी घातलं. नम्रता असावी.

३ फेब्रुवारी, सकाळी ७
फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला यादी करणारा तुकडा, तयार. यादीतली पहिली बारा नावं उचलतं, त्या दिवसाचा कागद काढतं. तीन दिवस चोख. चौथा कोरा. पुन्हा चालवलं. चौथा पुन्हा कोरा. व्होल्टेज कमी असावं. संकल्प: चिडायचं नाही. एक माळ जप केला.

४ फेब्रुवारी
व्होल्टेज नव्हे. फंक्शनने आत उचललेली नावं बाहेरच्या मूळ यादीतूनही गेली! मी यादी वाचायला दिली होती, संपवायला नाही. मग ‘प्रत’ नावाची यादी केली, मूळ यादी तिच्यात ठेवली, फंक्शनला प्रत दिली. चौथा दिवस कोराच. प्रतही रिकामी, मूळही रिकामी. तीन माळा जप. बायको मालन आतून म्हणाली, कुणावर वरडायलाव जी? विचार चालू आहे, म्हटलं.

६ फेब्रुवारी
पुतणी अर्पिताचा पुण्याहून फोन. मी विचारलं नव्हतं, विषय निघाला. काका, ती प्रत नाहीच, त्याच यादीला तुम्ही दुसरं नाव दिलंय. फंक्शनमध्ये स्लाइस लिहा, खरी प्रत होईल, म्हणाली. पुढे कसलं तरी ‘पण’ सांगत होती. बाकीचं मला जमतं म्हणून फोन ठेवला.
स्लाइस लिहिलं. सातही दिवस भरले! भरलेला कागद कोण वाचत बसतो? देवळाच्या भिंतीला डकवून आलो.

११ फेब्रुवारी, सायंकाळी ६
सप्ताहाचा दुसरा दिवस.
सातही कागदांवर तीच बारा माणसं. फंक्शन रोज नवी प्रत घेतं आणि रोज पहिल्या नावापासून सुरू करतं. चोवीस जण रुसले: आमी काय गावात ऱ्हात न्हाई का? बारा जण चिडले: रोज आमीच का? दुपारी बाराला पहाऱ्याला कोणी आलंच नाही. त्या बारांतले तात्याराव चारचौघांत म्हणाले, सोताचं नाव बरं वगळलं मशीननं. नम्रतेचं सांगायला गेलो. कोणी ऐकलं नाही.
वीणा माझ्या गळ्यात घातली.
मुंजाजीअप्पांनी जुनी वही काढली. ते नाव उचलत नाहीत, खोडत नाहीत. नावावर चिंचोका ठेवतात, पहारा झाला की पुढच्या नावावर सरकवतात. यादी संपली की पुन्हा वर. म्हणाले, नाव कुणाचंच काढायचं नसतंय, आपुन कुठवर आलाव तेवढं ध्यानात ठिवायचं.
चिंचोका माझ्या नावावर ठेवून ते जेवायला गेले. सव्वापाचला आले. तोवर वीणा खाली ठेवता येईना, आणि दुसऱ्या कोणी चिंचोक्याला हात लावीना.
म्हणजे माझ्या प्रोग्रॅममध्ये फक्त एक चिंचोका कमी होता. बाकी बरोबर होता.
खांदा दुखायलाय.