व्यवसायाच्या रकान्यात

आये, तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी धड पत्र लिहिलं नाही. ठाण्याला नोकरी लागल्यावर महिन्यातून एखादं कार्ड टाकायचे. ते पोस्टमन ओट्यावर बसून तुला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि आजूबाजूच्या चार बायका ऐकायच्या. अशा कार्डात माणूस काय लिहिणार? मी बरी आहे, तू औषध घेत जा, बाबांना सांग. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तू गेलीस त्या वयापेक्षा मी पंचवीस वर्षांनी मोठी आहे. नोकरी संपली, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं, दुपारी करण्यासारखं काही नसतं. कॉलेजच्या त्या शेवटच्या वर्षात जे झालं ते एकदा सलग लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. तुझ्याशिवाय ते कुणाला सांगावं असं माणूस मला सापडलं नाही.

आपल्या गावातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. मुलगेही फार गेले नव्हते. पालघरला कॉलेज तेव्हा नवीनच निघालेलं. सकाळी तारापूरपर्यंत चालत, तिथून एसटीने बोईसर, आणि बोईसरहून पॅसेंजरने पालघर. वर्गात आम्ही चार मुली. पहिल्या महिन्यात माझ्या शेजारची मुलगी नाकाला पदर लावून पुढच्या बाकावर जाऊन बसली. घरी येऊन मी तुला सांगितलं नाही, पण तुला कसं कोण जाणे समजलं. दुसऱ्याच दिवशी तू माझी दोन्ही कॉलेजची लुगडी घरातल्या वळणीवरून काढलीस, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलीस, आणि केळव्याच्या बाजूने येणाऱ्या माळणीकडून केवड्याचं पान मागून घेऊन त्यांच्या घडीत घातलंस. त्या दिवसापासून मी घरातून बाहेर पडायच्या वेळी तू माझ्याजवळ येत नव्हतीस. दोन हात लांब उभी राहून बोलायचीस. तुझे हात मासळीचे असायचे. मला ते बरं वाटायचं, हेही लिहायला हवं.

एकदा तू चुलीपुढे भाकऱ्या थापत होतीस आणि मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले होते. तू विचारलंस, "त्यात काय शिकवतात गो?"

"माणसं काय पिकवतात, काय विकतात, देशाची मिळकत कशी मोजायची, ते."

"मंग मासली येते का त्यात?"

"येते की."

"मंग बरं हाय," तू म्हणालीस. "मंजे आमी पन हाय त्यात." आणि तव्यावरची भाकरी उलटलीस.

शेवटच्या वर्षी अर्थशास्त्राच्या सरांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा शिकवला. सर सावकाश बोलणारे, खडू अगदी संपेपर्यंत वापरणारे, कुणावर आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी फळ्यावर दोन बाजू केल्या. जे मोजायचं ते डावीकडे, जे मोजायचं नाही ते उजवीकडे. बाईने आपल्या घरच्या माणसांसाठी केलेलं काम उजवीकडे गेलं. मी हात वर करून विचारलं नाही की बोंबील वाळवणारी बाई कुठे लिहायची. मला ते सुचलंच नाही, आये. मी तो फळा जसाच्या तसा वहीत उतरवला आणि सहामाहीला वर्गात पहिली आले. सरांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही नुसती पदवी घेऊन थांबू नका. टायपिंग शिका. आकडेवारीच्या कचेऱ्यांत आता माणसं लागणार आहेत." म्हणून मी स्टेशनाजवळच्या टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. तू एकदा बाजाराला आली होतीस तेव्हा त्या क्लासच्या दारातून आत डोकावलीस. नंतर म्हणालीस, तापल्या तव्यावर जवळा तडतडतो तसा आवाज येतो.

दिवाळीनंतर ती सरकारी पाहणी निघाली. आपल्या किनाऱ्यापर्यंत रस्ता न्यायचा होता, एका मोठ्या बांधकामासाठी दगड आणि यंत्रं उतरवायला. त्यासाठी कुणाची जागा जाते, कुणाचा धंदा जातो, याची घरोघर नोंद करायची होती. ज्याचा धंदा त्या जागेवर चालतो त्याला दुसरीकडे जागा मिळणार होती. कचेरीने कॉलेजकडे मुलं मागितली. सरांनी माझं नाव पहिलं दिलं, कारण मला तिथली बोली येत होती. वर हेही सांगितलं की जे नीट काम करतील त्यांचा पुढे कायमच्या जागेसाठी विचार होईल. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तू हातातली पाटी खाली ठेवलीस आणि शेजारच्या काकीला हाक मारून म्हणालीस, "ऐकलंस का? माजी बाय सायबीन व्हनार."

आमच्यावर एक साहेब होते. तरुण, घाईतले, सारखे रुमालाने मान पुसणारे. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी सूचनांचे कागद वाटले. त्यात लिहिलं होतं की पुरुषाच्या धंद्याला घरात बसून हातभार लावणाऱ्या बायकांचं काम घरकाम म्हणून लिहावं. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, की बाईचं काम स्वतंत्र आहे असं दिसल्यास नोंद करणाऱ्याने स्वतः पाहून ठरवावं. ती ओळ मी वाचली होती. पण पहिल्या दोन दिवसांत एका मुलाने पाच-सहा बायकांपुढे स्वतंत्र धंदा लिहिला, तर साहेब त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "सगळ्या गावाला जागा वाटायला निघालात काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही तर इथल्याच. तुमच्या नोंदी मी जास्त बारकाईने बघणार."

तिसऱ्या दिवशी आपली आळी आली. तू खळ्यावर आहेस, मासळी वाळवायच्या त्या मोकळ्या जागेत, जिथून रस्ता जाणार होता. वलांडीच्या बांबूंना दोऱ्या ताणलेल्या आणि तू बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवून एकेक जोडी दोरीवर टाकते आहेस. ऊन चढलेलं, वारा उत्तरेचा, वाळवायला हवा तसा. तुझ्या मागे काकी, तिच्या मागे आणखी दहा-बारा बायका. सगळ्या किनाऱ्याला चांदी लटकल्यासारखी दिसते आहे. मी केवड्याच्या वासाचं लुगडं नेसून, हातात फळी आणि कागद घेऊन उभी आहे. साहेब माझ्या बाजूला.

"बाई काय करतात?" त्यांनी मला विचारलं. तू माझी आई आहेस हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

तूच बोललीस. "काय करतात मंजे? ह्ये दिसत नाय काय?"

साहेब हसले. "नवरा होडीवर जातो ना?"

"जातो. तो मासली आनतो. मंग पुडचं सगलं आमीच करतो. त्यो काय वालवतो?"

मी व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं: घरकाम. काकीपुढे तेच. मग एका ओळीत सगळ्यांपुढे तेच. खाली माझी सही. साहेबांनी कागद पाहिला, मान डोलावली आणि पुढच्या घराकडे निघाले. तू दोरीआडून विचारलंस, "माजं काय लिवलंस गो?"

"घरकाम."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. वजनात काही कमी भरल्यासारखं वाटलं की तू पाटीकडे पाहायचीस, तसं. मग म्हणालीस, "बरं. तू शिकलेली हाय, तुला म्हायती," आणि पुढची जोडी दोरीवर टाकलीस.

माघ संपता संपता चावडीवर यादी वाचली. होड्या ओढायला पलीकडे जागा दिली होती. जाळी विणायला जागा दिली होती. खळ्याचं नाव यादीत कुठेच नव्हतं, कारण कागदावर तिथे कुणीही काहीही करत नव्हतं. त्यानंतर तीन-चार दिवसांनी तू कॉलेजात आलीस. आयुष्यात पहिल्यांदा. माझी परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी मैत्रिणींबरोबर पायऱ्यांवर बसून उत्तरं पाठ करत होते. फाटकाशी तुला पाहिलं तेव्हा क्षणभर ओळखलंच नाही. डोक्यावर पाटी नव्हती, लुगडं लग्नाकार्याचं होतं, आणि तू साबणाने इतकं घासून आंघोळ केली होतीस की तुझे कोपर लाल झाले होते. मी तुला घाईघाईने चिंचेच्या झाडामागे नेलं.

"बायांनी धाडलंय मला," तू म्हणालीस. "तुज्या सायबाला सांग ना, ह्या बाया सुकवतात, आजीच्या आजीपासून सुकवतात, असं लिव. तूच लिवलंस, तूच बदल."

मी म्हणाले, "आता नाही बदलता येत आये. कागद वर गेले."

कागद वर गेले नव्हते. दुरुस्तीला महिन्याची मुदत होती आणि आपल्या गावाचा सगळा गठ्ठा तोवर सरांच्या खोलीत, कपाटात पडला होता. आपण उभ्या होतो तिथून ती खिडकी दिसत होती. सरांना जाऊन सांगितलं असतं तर ते रागावले नसते. पण साहेबांना कळलं असतं, की यांनी आपल्याच आईची नोंद फिरवली. कायमच्या जागांसाठीची नावं त्याच महिन्यात जाणार होती.

तू म्हणालीस, "वर गेले? मंग ऱ्हाऊ दे." मग कमरेची पिशवी सोडून चार उकडलेली अंडी माझ्या हातावर ठेवलीस, परीक्षेसाठी. मैत्रिणी बघत होत्या. मी ती ओच्यात लपवली आणि तू फाटकाबाहेर जाईपर्यंत झाडामागेच उभी राहिले.

परीक्षा चांगली गेली. पदवी मिळाली, वरचा वर्ग मिळाला, आणि पावसाळ्यानंतर ठाण्याच्या कचेरीत नेमणूकही. रस्ता त्याच सुमारास झाला. बायकांनी आधी घरांच्या कौलांवर वाळवून पाहिलं, मग रस्त्याच्या कडेला. खटारे जायचे आणि मासळीवर लाल धूळ बसायची. घेणारे वास घेऊन पाटी परत करायचे. दोन हंगाम असे गेल्यावर बायका पांगल्या. कुणी पाम गावच्या वाडीत मिरच्या खुडायला गेली, कुणी बोईसरला कारखान्यांचे पाये खणत होते तिथे. तूही गेलीस, खडी वाहायला. मी सुट्टीत घरी आले तेव्हा तुझ्या डोक्यावरची चुंबळ तीच होती, खाली केस मात्र विरळ झालेले. तू मला आनंदाने सांगितलंस, "तितं रोज सकाली माजं नाव पुकारतात. कागदावर हाय माजं नाव." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता.

तो खोकला तुला तिथेच लागला. पालघरच्या दवाखान्यात तू अकरा दिवस होतीस आणि त्यातले शेवटचे चार मी तुझ्याजवळ होते. नर्स आली की तू माझ्याकडे बोट दाखवायचीस, "माजी बाय. सरकारात लिवते." एका दुपारी मी डॉक्टरांना शोधायला गेले आणि परत आले तेव्हा खाटेवर चादर ओढलेली होती.

दहाव्याला सगळे पांगल्यावर काकी मागे थांबली. भांडी घासायला म्हणून थांबली, पण राखेचा हात तसाच धरून बसली. म्हणाली, "तुज्या आयला ठावं होतं."

"काय?"

"मुदत होती ते. चावडीवरच्या कारकुनानं मलाच सांगितलं, अर्ज द्या म्हनून. आमी बारा बाया निघालोच होतो. तुजी आय वाटेत आडवी आली. म्हनली, कागदाखाली माज्या बायची सही हाय. तुमी खोटं म्हनाल तर ती खोटी ठरंल. तिची नोकरी जाईल. लय भांडल्या बाया तिच्याशी. दोगी तर ती मरेपर्यंत तिच्याशी बोलल्या नाय. पन तिनं कुनाला जाऊ नाय दिलं."

म्हणजे चिंचेच्या झाडामागे मी जे सांगितलं ते खोटं आहे हे तुला काही दिवसांतच कळलं होतं. त्यानंतरची चार वर्षं तू मला जेवायला वाढलंस, ठाण्याला निघताना सोड्यांची पुडी बांधून दिलीस, खडी वाहिलीस, आणि एकदाही विचारलं नाहीस. पुढे कचेरीत असे कागद माझ्या हाताखालून हजारांनी गेले. बायकांपुढे तोच शब्द लिहिलेला असायचा. मी बेरीज तपासायची आणि सही करायची. एखाद्या गावाचा गठ्ठा परत पाठवून पुन्हा विचारून या असं सांगण्याचा अधिकार मला पुढे मिळाला. तो मी कधी वापरला नाही. वापरला असता तर पहिल्या वेळी का नाही बदललं, हे स्वतःला सांगावं लागलं असतं.

हे पत्र मी घडी करून कुठे ठेवणार नाही. सून कपाटं आवरते, आणि तिला यातलं काही माहीत नाही. संध्याकाळी फाडून टाकीन. पण त्याआधी एक गोष्ट राहिली आहे, तिचा अर्थ काकीलाही लागला नसावा असं मी आजवर धरून चालले. तिचं बोलून झालं तेव्हा ती मी रडायची वाट बघत होती. मी रडले, पण नंतर. आधी मी तिला विचारलं, "हे आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे?"