दोन अंगठ्या आणि तीनशे मेगाहर्ट्झ

३ फेब्रुवारी, मंगळवार. फ्रायबुर्ग.
सकाळी सातला प्रयोगशाळेत. उंदरांच्या एमआरआयची नवी कॉइल तपासली. मगाएवढा तांब्याचा पिंजरा, आत उंदीर झोपतो. ३०० मेगाहर्ट्झवर नीट लागला तरच चित्र येतं. स्क्रू फिरवताना ३००. हात काढला की २९८. कपॅसिटर भिकार. बदलले की उद्या संपेल.

४ फेब्रुवारी
कपॅसिटर बदलले. २९८. दोष बहुधा इमारतीच्या अर्थिंगचा. तक्रार लिहिली. प्रमुख लिंडेमान बाई म्हणाल्या, शुक्रवारी चालली नाही तर तयार कॉइल घेऊ, तुम्ही कागदपत्रं सांभाळा. म्हणालो, शुक्रवार कशाला, गुरुवारीच देतो.
न्याहारीला दोन अंडी उकडली होती. सवय. दुसरं डब्यात नेलं.

५ फेब्रुवारी
गुरुवार. दिली नाही. सांध्यांना सोल्डरचे डाग पुन्हा दिले. २९८.
वर्कशॉपचा अन्सगार बराच वेळ बघत होता. म्हणाला, "अहो ब्रेनाइझर साहेब, टेबलापेक्षा जास्त कॉइली तुमच्या बोटांवर आहेत. धातू जवळ असला की आकडा सरकतो. अंगठ्या काढून बघा की!"
आमच्याकडे बायको गेली की नवरा लग्नाच्या दोन्ही अंगठ्या घालतो, हे त्यालाही माहीत आहे. माझी अनामिकेत, गुडरूनची करंगळीत. नोव्हेंबरपासून. मी सांगितलं, तीस वर्षं अंगठी घालूनच कॉइली लावतोय, हाताला अंदाज आहे.
"तेव्हा एकच होती," तो म्हणाला. मग माफी मागून गेला. मागायची काही गरज नव्हती. मी ठीक आहे. तांबंच खराब आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
साडेसहा. कोणी आलेलं नाही. अन्सगारचं म्हणणं खोडून काढायला, एवढ्यासाठीच, माझी अंगठी काढली. कॉइल पुन्हा लावली. हात काढल्यावर २९९. अंगठीचा संबंध नाही, असं लिहिणार होतो.
मग करंगळीतली. सांध्यावर अडली. साबण लावला.
३००. हात काढला. ३००. उगाच पाच मिनिटं थांबलो, हलेल म्हणून. ३००.
दहाला उंदराचा मेंदू स्वच्छ दिसला. लिंडेमान बाईंनी विचारलं, दोष कशात होता? कपॅसिटरमध्ये, म्हणालो. अन्सगार खाली बघत होता.
घरी आलो. माझी अंगठी घातली. तिची खिशात आहे. अंडं उकडलं. एकाला पाणी कमी लागतं.