यंदाचं गाऱ्हाणं

चिंचपोकळी, १५ जून २०२५

चि. उन्मेष यास अ. उ. आ.

तुझं पत्र पद्मजेने मोबाइलवर मोठं करून दाखवलं. फोन करतो म्हणतोस, पण चौतीस वर्षं गिरणीत साच्यांच्या खडखडाटात काढलेल्या कानांना तुझं बोलणं आणि पंख्याची घरघर सारखीच. त्यापेक्षा पत्र बरं.

आधी माले, मग मस्कत, आता माल्टा. तेहतिसाव्या वर्षी फुटबॉलमधला डावा बॅक कुठवर धावणार, असं शेजारचा डॅनी विचारत होता. मी गिरणीच्या संघातून अडतिसाव्या वर्षापर्यंत खेळलो, तेही निम्मा काळ अनवाणी, हे त्याला पुन्हा ऐकवलं. माझा घसा जरा बसलाय. तुझी बहीण डॉक्टरांकडे नेते आहे, काळजी नको.

चतुर्थीला नारळ घेऊन गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायचं आहे. ते घरातल्या कर्त्याने खड्या आवाजातच घालावं लागतं. क्लबचा नवा करार झाला का? म्हणजे काय मागायचं ते ठरवतो.

आमचा लोभ वाढतोच आहे, तुझी पत्रं तेवढी वाढव.

आप्पा

माल्टा, २९ जून २०२५

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

हळद-दूध घ्या आणि डॅनीशी भांडणं कमी करा, घसा आपोआप सुटेल. मी मजेत आहे. करार अजून व्हायचा आहे. साहेब लोक गोड बोलतात, पण सही सप्टेंबरातच करू म्हणतात.

तेव्हा देवाकडे माझ्यासाठी अजून एक मोसम मागा. तुमच्या आवाजाला देवही दचकतो, असं आई म्हणायची. अकरा वर्षं तुम्ही मागितलंत आणि अकरा वर्षं मी खेळलो. यंदाही चुकवू नका.

पद्मजेला आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू द्या.

आपला, उन्मेष

चिंचपोकळी, २९ ऑगस्ट २०२५

चि. उन्मेष यास अ. उ. आ.

गाऱ्हाणं झालं. माझ्या झिलाला अजून एक मोसम खेळव, असं सांगताना आवाज फाटला, तरी थांबलो नाही. सगळ्या मजल्याने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, त्यात डॅनीचा आवाज सगळ्यांत मोठा.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. घशात गाठ आहे. जूनमध्येच डॉक्टर म्हणाले होते की लगेच कापू, आवाज जाईल पण जीव वाचेल. मी चतुर्थीपर्यंत थांबा म्हटलं. मुक्याने गाऱ्हाणं कसं घालायचं? पद्मजेने तुला कळवू नये म्हणून तिला माझी शपथ घातली होती.

सोमवारी दवाखान्यात भरती होतो आहे. सही झाली की लिही. बोलता नाही आलं तरी वाचता येईलच.

आप्पा

माल्टा, ३० ऑगस्ट २०२५

ती. आप्पांस सा. न.

माझा करार मे महिन्यातच संपला. गुडघा गेला, क्लबने निरोप दिला. तेव्हापासून इथल्या एका हॉटेलात भांडी घासतो आहे. सांगायला तोंड नव्हतं, म्हणून सप्टेंबरची थाप मारली. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं आप्पा, आणि त्यासाठी तुम्ही अडीच महिने गाठ घेऊन बसलात. मला मारा, पण ऑपरेशन करून घ्या. मी येतो आहे.

तुमचा, उन्मेष

चिंचपोकळी, ५ सप्टेंबर २०२५

ती. दादास न. वि. वि.

ऑपरेशन होणार नाही. गाठ फार पसरली, आता कापून उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले. दिवाळी दिसली तरी खूप. तू जूनमध्ये एक ओळ खरी लिहिली असतीस तर, असं रोज मनात येतं. मग आठवतं की मीही शपथ पाळत बसले होते. तुला एकट्याला काय बोलू?

कापलं नाही, म्हणून त्यांचा आवाज अजून आहे. घोगरा, पण आहे. कान नाहीत त्यामुळे ओरडूनच बोलतात. माझा मुलगा परदेशात खेळतो, देवाने यंदाही माझं ऐकलं, असं सगळ्या वॉर्डला सांगत असतात. नर्सबाई आता तुझं नाव घेऊन त्यांना गोळ्या देतात.

तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. सही झाली, एवढंच सांगितलं.

लोभाचं नंतर बघू, तू लवकर ये. आठ दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून सांग, लंगडू नकोस, आणि येताना क्लबची जर्सी घालून ये.

पद्मजा