हा नको दुसरा

११ फेब्रुवारी, बुधवार

हरलो. एका मताने! शंभराने हरलो असतो तर गुपचूप दुकानात जाऊन बसलो असतो. हजाराने हरलो असतो तर लोकांनाच अक्कल नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण एका मताने हरलेल्या माणसाने करायचं काय? रस्त्यात भेटेल त्याच्याकडे 'तूच का रे तो?' असं बघत फिरायचं?

पैलवानाची विजयी मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून नेली. हा माणूस जन्मात कधी कुस्ती खेळलेला नाही, नाव मात्र पैलवान. इतकी वर्षं वॉर्डाचा नगरसेवक आहे, आणि केलं काय? आमच्या चष्म्याच्या दुकानासमोरचा बसथांबा उचलला आणि स्वतःच्या साडूच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर नेऊन ठेवला. म्हणून मी उभा राहिलो. पत्रकावर 'लोकशाहीसाठी' असं छापलं. 'थांब्यासाठी' असं कोण छापतं?

जेवताना बाबांनी एवढंच विचारलं, उद्या दुकान उघडणार ना? दुकान त्यांनी उभं केलेलं. हात थरथरायला लागल्यापासून गिऱ्हाइकांचे डोळे मी तपासतो. प्रचारात महिनाभर शटर खालीच होतं. मी म्हटलं, बघू.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणा सकाळीच कायद्याचं पुस्तक काखेत मारून हजर. तो वकील आहे, म्हणजे जागांची खरेदीखतं करतो. निवडणुकीचा कायदा आयुष्यात पहिल्यांदा उघडत होता, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पण आव असा, की जणू यानेच लिहिलाय!

फरक एक टक्क्याच्या आत असला की हरलेल्याला फेरमोजणी मागता येते. मात्र आधी पडताळणी व्हावी लागते. पडताळणीत मतं मोजत नाहीत. मतं मोजणाऱ्यांनी सगळीकडे सह्या केल्यात का, ते बघतात. मी म्हटलं, मला सह्या कमी नाही पडल्या, मतं पडली. तो म्हणाला, भाऊजी, कायदा आहे, तुमचं दुकान नव्हे.

अर्ज दिला. दुकान राहिलंच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पडताळणी झाली. सह्या जागच्या जागी आहेत. लोकशाही वाचली! मतं अजून पेटीतच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज शाळेच्या हॉलमध्ये फेरमोजणी. मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. पैलवानाचा तर बाकच मोडला. बरं वाटलं.

निर्णय अधिकारी बाई कडक आहेत. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि दांडी सैल. सारखं वाटत होतं, उठावं आणि स्क्रू पिळून द्यावा.

पैलवानाच्या गठ्ठ्यात एक मत असं निघालं की शिक्का दोघांच्याही नावापुढे. कुणीतरी दिलदार असणार. ते बाद. म्हणजे आम्ही दोघे समसमान! मेहुण्याने माझ्या मांडीवर अशी थाप मारली की अजून दुखतंय. कायद्याप्रमाणे आता चिठ्ठी टाकायची. एवढा खर्च, एवढ्या सह्या, आणि शेवटी चिठ्ठी! पण त्याआधी बाद मतांवर पुन्हा नजर टाकायची असते. तिथे ते सापडलं.

शिक्का कुठेच नाही. माझ्या नावापुढच्या चौकटीत पेनाने लिहिलंय: हा नको दुसरा.

मध्ये ना स्वल्पविराम, ना रेघ. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मेहुणा ताडकन उठला. म्हणाला, "हा, नको दुसरा!" पैलवानाचा वकील त्याच्या आधी ओरडला होता, "हा नको, दुसरा!" उमेदवार दोनच. म्हणजे एक वाचलं तर मी निवडून येतो, दुसरं वाचलं तर पैलवान. अख्ख्या वॉर्डाचं भवितव्य एका स्वल्पविरामावर, आणि तोच टाकलेला नाही!

घरी येऊन रंगवून सांगितलं. मुलगी हसून हसून लोळली. बाबा उठून आत गेले, त्यांना म्हणे झोप आली होती. ही भांडी लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खुर्चीत बसून लोक दिवसभर काय म्हणतात तुला?"

कळलं मला. भिंगं बदलत मी विचारतो, हा नंबर बरा की दुसरा? गिऱ्हाईक म्हणतं, हा नको, दुसरा. दिवसभर तेच. अर्धा गाव त्या खुर्चीत बसून हेच बोललाय.

मी म्हटलं, हे बाहेर बोलू नकोस.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सुनावणी. कायदा म्हणतो, खूण चुकली तरी मतदाराचा हेतू कळत असेल तर मत धरावं. हेतू! मेल्याची ओळख नाही, पाळख नाही, आणि त्याच्या पोटात शिरून हेतू काढायचा. दोन्ही वकील तासभर त्या अनोळखी पोटात मुक्कामाला होते.

आमचा म्हणाला, ज्याला मी नकोच होतो तो माझ्या चौकटीत कशाला लिहायला जाईल? त्यांचा म्हणाला, नकार ज्याला द्यायचा त्याच्याच तोंडावर देतात. मला मनातून पटलं. पैलवानाला चष्मा नाही, त्याच्या वकिलालाही नाही. माझ्या खुर्चीत दोघांपैकी एकही कधी बसलेला नाही. देव पावला!

मग बाईंनी कलम सदतीस वाचलं. लिखाणावरून मतदार कोण ते कळलं तर मत बाद, कारण मत गुप्त असतं. आणि पुढे: निकालानंतर, पण शपथेच्या आधी, हे उमेदवाराला कळलं, तर त्याने स्वतः येऊन सांगावं. मी आणि पैलवान एकदमच हसलो. इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं. स्वतः येऊन सांगायला एवढा राजा माणूस आहे कोण!

बाईंनी कागद दोघांपुढे धरला. अक्षर ओळखता? पैलवान म्हणाला, नाही. मी चष्मा पुसून नीट बघितलं. वेडंवाकडं, ओळ खाली घसरलेली. नाही म्हणालो. खरंच नाही ओळखलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकलो!! एका मताने!

बाईंनी निकालात लिहिलंय, अर्थ दोन निघत असतील तर ज्याच्या चौकटीत लिहिलंय त्याचं मत धरावं. पोटकलम आहे तसं. असं पोटकलम असतं हे मेहुण्याला निकाल ऐकल्यावर कळलं. तरी छाती काढून उभा होता.

एका मताने जिंकणं म्हणजे काय सुख! प्रत्येक माणूस 'ते माझंच मत' म्हणतो. कोपऱ्यावरचा न्हावी, शिंपी, समोरची डॉक्टरीणबाई. माझ्या हिशेबाने आता त्या एका मताचे चाळीसेक मालक झालेत.

बाबांच्या पाया पडलो. डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. वय झालंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सत्कार. दुकान बंद.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दुकानाशी गेलो, पण आत नाही. फोटोवाल्याला बाहेरूनच फोटो हवा होता. थांबा जिथे होता तिथे उभं राहून बोट दाखवायचं. दाखवलं.

एक आजीबाई पायरीवर बसल्या होत्या. चष्म्याची काच फुटलीय, म्हणे तीनदा येऊन गेल्या. मी म्हटलं, उद्या शपथ आहे, परवा या. त्या म्हणाल्या, परवापर्यंत मी चालू कशी? फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा हसा.

घरी हे बाबांना सांगायला नको होतं. जेवण अर्धं टाकून उठले. मी चिडलो. म्हटलं, पोरगा निवडून आलाय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? दारात थांबले. वाटलं, बोलतील. दिवा मालवून आत गेले. ही पण माझ्याकडेच बघत होती, जणू गुन्हा मी केलाय!

जाऊ दे. उद्या अकराला शपथ. नवा कोट खांद्यात घट्ट होतोय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कोट चढवत होतो. बाबा आले, कॉलर सरळ केली. हात थरथरत होता, बोटं मानेला लागत होती.

म्हणाले, "स्वल्पविराम 'नको'नंतर होता."

मी वळलो.

"पैलवानावर शिक्का मारवेना. तुझ्यावर मारला असता तर दुकान गेलंच असतं. दुसरा म्हणजे पैलवान नव्हे रे. दुसरा कुणीही."

दुकानाची किल्ली माझ्या खिशात टाकली आणि चहा प्यायला आत गेले.

दहा वाजलेत. दुकानाच्या दारातून निर्णय अधिकारी बाईंना फोन लावतोय, उचलत नाहीत. पायरीवर आजीबाई बसल्यात.