व्हरांड्यातला कंप्युटर

मे २००४

चिरंजीव अश्वजित साहेब,

तुले तानाआत्याचा जयभीम, अन् डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (साहेब झाला तरी डोकं खाली करजो, माझा हात आता तेवढा वर जात नाई.) इकडं आम्ही सारे मजेत आहो, माझा गुडघा सोडून. तुझी तब्येत कशी हाय? सूनबाई तुले अजून तेल मोजूनच देते का? चांगलं करते.

मी ऐकलं का सरकारनं तुले नागपुरात कमिटीवर घेतलं, अन् कचेऱ्यांमधल्या कंप्युटरचा कारभार कसा सुधारावा ते आता तू सांगणार. मी अंगठेबहाद्दर बाई, पण डोळ्यानं पाहून आली ते तुले सांगते. (लिहून माझी नात मयुरी राह्यली, म्हणून शब्द शुद्ध दिसतीन, अक्कल माझी हाय.) पोरीची बारावी झाली. तिले डी.एड. करून मास्तरीण करावं, हे माझ्या मनात. त्याले उत्पन्नाचा दाखला लागते, अन् तो याच महिन्यात पायजे, नाई तर जागा गेली.

म्हणून आम्ही दोघी तहसीलीत गेलतो. दाखला आता कंप्युटरमधूनच निंघते, हाती लिहिलेला चालत नाई. मी म्हटलं, चला, पाहू तरी हा कोण दाखले देऊन राह्यला. त्याच्यासाठी सरकारनं खास खोली केली हाय: काचेचं दार, पडदा, थंडी हवा सोडणारी मशीन. दाराशी चपलांचा हा ढीग! मीबी काढल्या अन् हळूच आत गेली. पाहते तर तहसीलदार साहेब, दोन बाबू, एक तलाठी, साहेबाच्या घरचं दही अन् आंब्याची पेटी. कंप्युटरच नाई! रूपराव शिपाई म्हणे, "आजी, उन्हाळ्यात आत जागा पुरत नाई, म्हणून त्याले व्हरांड्यात काढला."

व्हरांड्यात तो बिचारा तोंडाले फडकं बांधून बसला होता, जसे आपण उन्हात बांधतो. बारा वाजले का बंद पडते म्हणे. हात लावून पाह्यला, तर तवा! मी रूपरावले म्हटलं, बाबा, याले लू लागली, जवळ कांदा ठेव. तर त्यानं खरंच आणून ठेवला. (मी गंमत केलती.) मग मी त्याले समोरून पाह्यलं, मागून पाह्यलं, पण दाखला कुठून निंघते ते काई समजेना. मयुरी म्हणे, "आजी, हे नुसतं तोंड हाय, डोकं टेबलाखालच्या डब्यात हाय." म्हणजे आपल्या सरपंचासारखंच. चालवणारा कोण, विचारलं, तर तो शिकून आला अन् शिकला म्हणून त्याची बदली झाली. मी म्हटलं, मागवाच्या अगुदर काई विचार केलता का नाई? म्हणे, वरून आला. अरे, पाऊसबी वरूनच येते, तरी आपण अगुदर छप्पर पाहतो ना? म्हैस घ्याची तर कडबा हाय का, धार कोण काढन, हे आधी पाहा लागते. इथं सरकारनं म्हैस व्हरांड्यात बांधली, अन् गोठ्यात माणसं बसली! हे तुझ्या कमिटीत सांगजो. माझं नाव घेतलं तरी चालन.

बोलून माझं तोंड दुखलं अन् लिहून हिचा हात, म्हणून थांबते. लेकरायले पापा.

तुझी आत्या तानाबाई (निशाणी अंगठा)

ता.क. खरं काम राह्यलंच. तहसीलदार साहेबाले फोन करजो. मयुरीचा दाखला सावकाश निंघाला तरी चालन, काई घाई नाई.

ता.क. दुसरं. वरची ओळ माझी नोहे! मी "याच महिन्यात" म्हटलं होतं. पाकीट बंद कराच्या अगुदर मी शेजारच्या अनुसयाबाईकडून सारं वाचून घेत असते; अंगठेबहाद्दर आहो, भोळी नाई. पोरीले धरलं, तर म्हणे, "मले मास्तरीण नाई व्हाचं, मले त्या मशीनीवर बसाचं हाय." बोरगाव मेघ्यात त्याचा क्लास हाय म्हणे. मी म्हटलं, मग तोंडानं काऊन नाई सांगितलं? तर म्हणे, "तोंडानं तू कोणाचं ऐकते, आजी?" म्हणून या खेपेले तिचं ऐकलं.

तर दाखला याच महिन्यात पायजे, क्लासात सवलत भेटाले तोच लागते. अन् ती मशीन पहिले आत घेजो. उद्या तिथं आपली पोरगी बसन.

हे दुसरं ता.क. अनुसयाबाईनं लिहिलं, अन् मयुरीकडून वाचून घेतलं. असा बंदोबस्त तुझ्या कमिटीत हाय का?